लाल ठिपक्याची कार्डं

सोमवार, ३ तारीख

सकाळी सात वाजता अक्काचा फोन. रोजचाच. "खटपट्या, उठलास का? गोळी घेतलीस का?" मी अडुसष्ट वर्षांचा झालो, केस गेले, बायको गेली, दुरुस्तीच्या दुकानाचं शटर हल्ली एका दमात वर जात नाही, तरी थोरल्या बहिणीच्या लेखी मी अजून शेंबडाच. घेतली म्हणालो आणि फोन ठेवला. घेतली नव्हती.

दुपारी तिच्याबरोबर डॉक्टरांकडे गेलो. भाची, म्हणजे अक्काची मुलगीही होती. चार महिने अक्काचा आवाज बसलाय आणि ती आपली थंड पाण्याला दोष देतेय. डॉक्टरांनी कागदावर गळ्याचं चित्र काढलं आणि मधल्या भागावर फुली मारली. गाठ वाईट आहे, स्वरयंत्र काढावं लागेल, पंचवीस तारखेला. जीव वाचेल याची जवळजवळ खात्री आहे म्हणाले. आवाज जाईल याची पूर्ण खात्री आहे. अक्का बाहेर आल्यावर म्हणाली, इथे चहा बरा कुठे मिळतो ते बघ.

चहा पिताना भाचीने बेत सांगितला. ती ध्वनीच्याच कामात आहे. अक्काने आता भरपूर बोलून ठेवायचं. ते एका यंत्राला पुन्हा पुन्हा ऐकवायचं, म्हणजे यंत्र तिच्यासारखं बोलायला शिकतं. पुढे अक्काने फोनवर शब्द लिहिले की ते तिच्या आवाजात ऐकू येतील. बसलेला तर बसलेला, पण तिचा.

अक्काने दोन अटी घातल्या. पहिली, ऑपरेशनच्या आधी तिला ऐकवायचं. "माझ्यासारखं बोलतंय की नाही ते मीच सांगणार. नंतर पसंत पडलं नाही तर ओरडू कशी?" दुसरी, धाकट्याला यातलं अक्षरही कळता कामा नये. धाकटा म्हणजे आमचा एकसष्ट वर्षांचा भाऊ. दुसऱ्याला सुई टोचलेली पाहून हा आडवा होतो. अक्काचं म्हणणं, तो रडायला लागला की त्याची समजूत तिलाच घालावी लागते, आणि सध्या तिला आवाज जपून वापरायचाय.

ठरलं सगळं. फक्त एक चांगलं ग्राफिक्स कार्ड हवं, भाची म्हणाली. हात्तिच्या, मी म्हणालो, उद्या आणून देतो. मी असं म्हणालो होतो हे इथे लिहून ठेवतो.

बुधवार, ५ तारीख

दोन दिवस, अकरा दुकानं, एकही कार्ड नाही. एका दुकानात रिकाम्या खोक्यांचा मनोरा रचला होता, शोभेला. दुसऱ्याने तिप्पट भाव सांगितला आणि वर म्हणाला, काका, उद्या हाही राहणार नाही. तिसरा फक्त रंगीत दिव्यांच्या अख्ख्या कॉम्प्युटरबरोबर कार्ड देतो, सुटं नाही. जत्रा भरवायचीय का मला घरात?

माझा संताप या वस्तूवर नाही. ही वस्तू मला आवडते. मी शाळा सोडली तेव्हा रेडिओत काचेचे दिवे असायचे. पुढचं सगळं फोडून, उघडून, बोटं भाजून शिकलो. त्यामुळे मी मला समजलं तसं लिहितो. कॉम्प्युटरचा मुख्य मेंदू म्हणजे एक म्हातारा पंडित. कितीही अवघड गणित घाला, सोडवील, पण एका वेळी एकच. ग्राफिक्स कार्ड म्हणजे पहिलीतली हजारो मुलं. प्रत्येकाला एकच सोपी बेरीज, पण सगळी एकदम बसतात आणि एकदम उठतात. खेळात राक्षस पळाला की पडद्यावरचे लाखो ठिपके एका क्षणात रंगवायचे असतात, म्हणून ही शाळा काढली. पुढे कुणाच्या तरी डोक्यात आलं, मुलं शेवटी बेरजाच करताहेत, मग राक्षसाच्याच कशाला? हवामानाच्या करू दे, औषधांच्या करू दे, छातीच्या फोटोतला डाग शोधू दे. आवाज शिकवायचा तोही याच बेरजांनी. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा दुकानात एकटा असून मी टाळी वाजवली होती.

आणि मग आलं ते कॉम्प्युटरवरचं न दिसणारं नाणं. त्यात मुलांना काम काय? आकडा ओळखा. चुकला? पुन्हा ओळखा. दिवसरात्र, सेकंदाला कोट्यवधी वेळा. ज्याचा लागला त्याला नाणं. जगभरच्या शाळांमधली मुलं लोकांनी सोडतीची तिकिटं फाडायला बसवलीत, आणि माझ्या बहिणीसाठी एक वर्ग रिकामा मिळत नाही.

चीड आणणारी खरी गोष्ट पुढेच आहे. असे आठ वर्ग माझ्या सख्ख्या भावाच्या घरी भरतात.

गुरुवार, ६ तारीख

धाकट्याकडे गेलो. नोकरीतून मोकळा झाल्यापासून त्याने मागच्या खोलीत हा उद्योग मांडलाय. लाकडी चौकटीवर कार्डं ओळीने टांगलेली, दांडीवर कोंबड्या बसाव्यात तशी. मी त्या खोलीला खुराडं म्हणतो. खिडकीत दाराएवढा पंखा घरघरत असतो. आत इतकं गरम की भावजय ओले कपडे तिथेच वाळवते. एवढ्या वर्षांत त्या खुराड्याचा दिसलेला फायदा म्हणाल तर तेवढाच.

तिथे आठाच्या जागी पाचच कार्डं. तीन गेल्या आठवड्यात विकली म्हणे. नाण्याचा भाव घसरतोय, वेळेवर बाहेर पडणारा शहाणा. मी म्हणालो, त्यातलं एक मला महिनाभर दे. कशाला? आता काय सांगू? अक्काने तोंड शिवून ठेवलेलं. म्हणालो, आहे एक प्रयोग. तो हसला. म्हणाला, तुझ्या प्रयोगात माझा मिक्सर गेला होता तो अजून परत आलेला नाही. शिवाय एक कोंबडी काढली की बाकीच्यांचं अंड्यावरचं लक्ष उडतं. वर अक्काच्या घशाला मध-पाणी सुचवलं.

माणसाने उपकार तरी आठवावेत. गेल्या वर्षी याच्या आठही कार्डांचे पंखे खडखडायला लागले तेव्हा ती मीच उघडली. नवे पंखे, नव्या पट्ट्या, आठही एका दुपारी उरकली, शिट्टी वाजवत. धुळीने माखलेला बोर्ड मऊ ब्रशने, साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवायचा कसा तेही मीच शिकवलं. हे ऐकून लोक दचकतात, पण नीट वाळवला तर बोर्ड नव्यासारखा दिसतो. आठही कार्डांच्या आतल्या स्क्रूवर माझा लाल ठिपका आहे. नेलपॉलिशचा. स्क्रू सैल होत नाही आणि माझ्या हातून गेलेली वस्तू ओळखू येते. बाटली हिची. ही जाऊन सहा वर्षं झाली, बाटली अजून पुरतेय. चाळीस वर्षांत त्या ठिपक्याची एकही वस्तू परत आलेली नाही.

आणि मला मिक्सर ऐकवतो.

शनिवार, ८ तारीख

भाचीने अखेर कार्ड मिळवलं. जुन्या मालाचा एक दुकानदार आहे, सगळे त्याला हसरा म्हणतात, त्याच्याकडून. "जवळजवळ न वापरलेलं, फक्त खेळासाठी." आहे खरं चकचकीत, धुळीचा कण नाही. मी उघडून बघतो म्हणालो तर भाची म्हणाली, मामा, आत्ता नको, आधी कामाला लावू दे. बरं.

अक्काच्या घरी टेबल मांडलं, मशीन बसवलं. अक्काने हजार वाक्यं वाचायची आहेत. भाचीने यादी छापून आणलीय, सगळे उच्चार येतील अशी बेतलेली. अक्काने चष्मा लावला, तीन वाक्यं वाचली आणि यादी बाजूला सारली. म्हणाली, "जहाजावरचा खलाशी झाडावर चढला. हे मी जन्मात कुणाला म्हणणार आहे?"

मंगळवार, ११ तारीख

ही बाई ऐकत नाही. यादीतली वीस वाक्यं वाचते आणि मधेच मनाने सुरू होते. आज माझ्यासमोर, माईकमध्ये: खटपट्या, उठलास का. गोळी घेतलीस का. खोटं बोलू नकोस. दार लावून घेतलंस का. जेवलास की नुसता चहा ढोसलास. एकदा रागाने, एकदा हळू, एकदा हसत. पुन्हा रागाने.

मी म्हणालो, अगं, एवढ्याशा उरलेल्या आवाजात काय बडबडतेस, जरा कामाचं बोल. तर ती भाचीला म्हणाली, हे पण घे, याचं "कामाचं बोल" पण राहू दे मागे. भाची खाली बघत बटणं दाबत राहिली. दोघी एकाच माळेचे मणी. मी उठून फ्यूज तपासायला गेलो. फ्यूज ठीक होता.

गुरुवार, १३ तारीख

यंत्र पहिल्यांदा बोललं. अक्का विहिरीत पडून आतून हाक मारतेय असं. अक्काने कान लावून ऐकलं आणि हसू दाबत म्हणाली, मला आधी वर तर काढा. भाची म्हणते ही सुरुवात आहे. कार्ड दिवसरात्र चालवलं की आठवड्यात आवाज उजळेल, मग जिथे चुकतंय तिथे अक्काने पुन्हा बोलायचं. तोवर दिवस आहेत.

शनिवार, १५ तारीख

कार्ड गेलं.

दुपारी पडद्यावर रंगीत चौकोन उमटले, मग रेघा, मग काळोख. पुन्हा चालू केलं, दहा मिनिटांत पुन्हा तेच. काम अर्ध्याच्याही अलीकडे. उरले दहा दिवस. मी हसऱ्याकडे गेलो. तो हसला. विकलेला माल परत नाही, पाटी वाचा काका. पाटी त्याच्या डोक्यावरच होती आणि तीही हसऱ्या चेहऱ्याची.

रस्ताभर त्याला शिव्या घातल्या. परत आलो तर अक्काने विचारलं, काय झालं? मी म्हणालो, किरकोळ आहे. तिने माझ्याकडे पाहिलं आणि घसा खाकरला. आवाज कालच्यापेक्षा आणखी खाली गेलाय.  

रविवार, १६ तारीख

सकाळी दुकानात कार्ड उघडलं. पंख्याचे स्क्रू काढले, वरचं झाकण काढलं. आत, कोपऱ्यातल्या स्क्रूवर, लाल ठिपका.

तर हे धाकट्याचं कार्ड. वर्षानुवर्षं खुराड्यात भाजलेलं, मी शिकवलेल्या युक्तीने धुऊन नवं केलेलं, हसऱ्याने "फक्त खेळासाठी" म्हणून खपवलेलं, आणि आपल्याच घरात परत आलेलं. मी हातातला स्क्रूड्रायव्हर आपटला. सख्ख्या बहिणीला भंगार माल! तोंडावर जाऊन सांगतो त्याला, अक्काची अट गेली खड्ड्यात. चप्पल घातली. मग म्हटलं, भांडायला जायचं तर पुरावा हातात असू दे. नेमकं काय जळलंय ते पाहून जाऊ.

चप्पल काढून बसलो.

सोमवार, १७ तारीख

काल पुढचं लिहिलं नाही. लिहवलं नाही.

कार्डावर मेमरीच्या चिपा असतात. त्या तापतात. त्यांची उष्णता वरच्या धातूच्या ठोकळ्याकडे जावी म्हणून मधे रबरासारखी मऊ पट्टी घालतात. पट्टी नीट दाबली गेली असली की तिच्यावर चिपेचा चौकोन उमटतो, कणकेवर वाटी उमटावी तसा. मी पट्ट्या काढून उजेडात धरल्या. कोऱ्या. एकीवरही चौकोन नाही. वर्षभर त्या चिपेला टेकल्याच नव्हत्या. मधे केसाएवढी हवा, आणि त्या हवेत चिपा उकडत राहिल्या.

पट्टी दोन मिलिमीटरची लागते. ही दीडची. दीडची का? कारण त्या दुपारी माझ्या खणात दीडची होती. दोनची आणायला बाजारात जावं लागलं असतं, आणि मला आठवतंय मी काय म्हणालो होतो. कोंबड्यांना तर बसायचंय, चालतील तेवढ्या चालू दे. धाकट्याच्या उद्योगाला मी हसत होतो, म्हणून त्याचं कामही हसण्यावारी नेलं. माझी बायको असती तर म्हणाली असती, काम हलकं नसतं, हात हलका असतो.

लबाडी हसऱ्याची, हे खरं. कार्ड कुठे राबलं ते दडवून धाकट्याने विकलं, तेही खरं. पण ते जळलं माझ्या पट्टीने. चाळीस वर्षांत परत आलेली पहिली वस्तू, आणि ती अक्काच्या दारात.

मंगळवार, १८ तारीख

धाकट्याकडे गेलो. आधी माझी चूक सांगितली, मग अक्काचं. उलट क्रमाने सांगायला हवं होतं की काय कोण जाणे. पट्टीचं ऐकताना तो कुत्सित हसत होता. अक्काचं ऐकून खाली बसला. खुर्ची नव्हती तिथे, तसाच जमिनीवर.  मग एवढंच: "मी तिला मध-पाणी सांगत होतो रे."

भावजयीने पाणी आणलं. तो उठला, खुराड्यात गेला आणि मोठ्या पंख्याचं बटण बंद केलं. इतक्या वर्षांत ती खोली मी पहिल्यांदा शांत ऐकली. मी म्हणालो, मला एक पुरे. तर म्हणाला, गप्प बस, चौकट त्या बाजूने धर.

पाचही माझ्या दुकानात आणली. पाचही उघडली. पाचांत लाल ठिपके, पाचांत कोऱ्या पट्ट्या. त्या दाराएवढ्या पंख्याने तगली होती, बाकी काही नाही. दोन कार्डांची मेमरी अर्धवट भाजलीय, ती बाजूला ठेवली. तीन धडधाकट. धाकटा दोनच्या पट्ट्या आणायला तीन बाजार फिरला. मी त्या मोजून, कापून, बसवून, पुन्हा झाकण काढून प्रत्येकीवर चौकोन उमटलाय का ते पाहिलं. उमटला की मगच स्क्रू. अख्खा दिवस तीन कार्डांत गेला. शिट्टी नाही.

शेवटी बाटली उघडली आणि तशीच बंद केली. कार्डं बोलली की मग ठिपका.

बुधवार, १९ तारीख

कार्डं अक्काकडे बसवली. धाकट्याला दारात पाहून तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी पान्हा शोधायला खाली वाकलो. धाकटा रडला नाही. ओठ घट्ट मिटून तारा जोडत राहिला. शेवटी अक्काच वैतागून म्हणाली, अरे, रड एकदाचा, तार उलटी लावशील. मग रडला. तिने समजूत घातली, आवाज न जपता. भाचीने ते सगळं ध्वनिमुद्रित केलं, कुणाला न विचारता. आजकालची मुलं.

शनिवार, २२ तारीख

तिन्ही चालताहेत. मी तासातासाने तापमान वहीत लिहितो, बाळाचा ताप बघावा तसं. धाकटा शेजारी बसून पंख्याचा कोन बदलतो, मी परत करतो, तो परत बदलतो. अक्काने मशीनसमोर मोजे वाळत टाकलेत. कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

मधे हसऱ्याकडे जाऊन आलो. धाकट्याची आणखी दोन कार्डं कुणाच्या तरी घरी चालू असतील. त्याच्या पाटीखाली माझी पाटी लावली: आतल्या स्क्रूवर लाल ठिपका असलेलं कार्ड आणा, पट्टी फुकट बदलून मिळेल. तो नको म्हणत होता. मग मी दुकानात गिऱ्हाइकं असताना जरा मोठ्याने पट्टीबद्दल समजावून सांगायला लागलो, तेव्हा त्याने स्वतः खिळा दिला.

सोमवार, २४ तारीख

आज ऐकवलं.

अक्का खुर्चीत ताठ बसली, परीक्षकासारखी. भाचीने लिहिलं, यंत्र बोललं. पहिल्याच वाक्याला धाकट्याने माझं मनगट धरलं. अक्का मात्र भुवया आवळून ऐकत होती. हे मी असं ओढत नाही. इथे मी थांबते. "बरं" हे मी दोन तऱ्हांनी म्हणते, खरंच बरं असलं की एक आणि नसलं की दुसरं, ह्याला एकच येतंय. दोन्ही "बरं" तिने तिथल्या तिथे पुन्हा बोलून दिली. दुसऱ्या "बरं"ला आवाज पार फाटला, तरी पाच वेळा म्हणाली. यंत्राने तीन तास घेतले. संध्याकाळच्या आत दोन्ही आली.

मग तिने स्वतः फोनवर काहीतरी लिहिलं, आम्हाला न दाखवता, कानाशी धरून एकटीने ऐकलं. डोळे मिटलेले. शेवटी मान डोलावली.

"हो," ती म्हणाली. "मीच आहे ही."

मी घरी येऊन तीन ठिपके ठेवायला बाटली घेतली आणि आठवलं, कार्डं तिकडेच आहेत. डोकं ठिकाणावर नाही.

मंगळवार, २५ तारीख

झालं. डॉक्टर म्हणाले, मनासारखं झालं. काचेतून पाहिलं. तिने हात वर केला.

सोमवार, १ तारीख

आठवडाभर सातला जाग येते आणि फोन वाजत नाही. काल फोन बिघडला असेल म्हणून उघडून पाहिला. चांगला आहे. गोळ्यांची पट्टी कुठे ठेवलीय कोण जाणे.

दवाखान्यात अक्का पाटीवर लिहून बोलते. नळ्या निघेपर्यंत तिच्यापाशी फोन नको म्हणाले. ती शब्द काटकसरीने लिहिते. मला ते बघवत नाही, म्हणून मी तिथल्या करकरणाऱ्या पलंगाचे स्क्रू आवळत बसतो. परिचारिका ओरडली.

गुरुवार, ११ तारीख

अक्का परवा घरी आली.

आज सकाळी सात वाजता फोन. मी अर्धवट झोपेत. "खटपट्या, उठलास का? गोळी घेतलीस का?" घेतली गं, मी म्हणालो. पलीकडे शांतता. ही एक नवी खोड, बोलता बोलता मधेच थांबायचं. मी वैतागून म्हणालो, बोल ना लवकर, चहा ठेवायचाय मला. आणखी थोडी शांतता. मग: "खोटं बोलू नकोस." मी म्हणालो, सकाळी सकाळी डोकं खाऊ नकोस अक्का, आणि फोन ठेवला.

चहा ठेवला. दूध आणलं. दूध उतू जाईपर्यंत मी ओट्याशी उभा होतो, तेव्हा कुठे लक्षात आलं की मी आत्ता कुणावर वैतागलो, आणि ती मधे का थांबत होती.

गॅस पुसला. गोळ्यांची पट्टी हिच्या नेलपॉलिशच्या बाटलीशेजारीच सापडली. गोळी घेतली आणि अक्काला उलटा फोन लावला, घेतली म्हणून सांगायला. बराच वेळ गेला, ती लिहीत असणार. मी थांबलो.

"बरं," ती म्हणाली. पहिल्या तऱ्हेचं.

आता तिकडे निघालोय. बाटली खिशात टाकलीय.